आईची मावशी बदलायची का?

पत्र

ताई, मी मूळचा सोलापूरचा, नोकरीमुळे पुण्यात. आई ७८ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू कमजोर झाली. मधुमेह आधीपासूनचा. डोकं मात्र शाबूत, दुधाचा हिशोब अजून तोंडी करते. वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर तिला एकटं राहणं जमेना आणि पुण्याला यायला ती तयार होईना, म्हणून जुळे सोलापुरातल्या एका सेवा केंद्रात ठेवलं. तिथे एक मावशी तिचं सगळं करतात. त्यांच्याशिवाय आईचं पान हलत नाही. दोघी दिवसभर कानडीत बोलतात (आईचं माहेर इंडी तालुक्यातलं). मला आणि बहिणीला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दिवाळीत आईने तिच्या पेन्शनमधून मावशींच्या मुलीच्या फीला पाच हजार दिले, ते आम्हाला मागाहून कळलं. आता म्हणते, माझ्या पाटल्यांमधली एक तिला द्यायची आहे. पथ्य मोडून शेंगा पोळी खाते. संक्रांतीला मावशींबरोबर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जायचंच म्हणून हटून बसली आहे. बहीण म्हणते, त्या बाईने आईला गुंडाळलंय. त्यात केंद्राच्या मॅनेजरचा फोन आला : ‘ही बाई एकाच पेशंटमागे फार वेळ घालवते, साडी नेसवण्यातच अर्धा तास जातो. आम्ही तिला दुसऱ्या मजल्यावर टाकतो, तुम्ही संमतीचा फॉर्म भरून पाठवा.’ आईला हे सांगितलं तर ती दोन दिवस जेवली नाही. एवढंच म्हणाली, ‘मला कोणी विचारलं का?’ सही करू का?

– एक मुलगा, पुणे

उत्तर

सही करू नका.

तुमच्या प्रश्नापुरतं एवढ्यावर भागलं असतं. पण पत्रात तुम्ही न विचारलेलंही बरंच काही आहे आणि त्यातलं एक तर आधी बोलायला हवं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेली ७८ वर्षांची बाई दोन दिवस जेवली नाही, तेव्हा केंद्राने काय केलं? साखर तपासली का? डॉक्टरांना कळवून औषधाचा डोस बदलून घेतला का? पोटात अन्न नसताना डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते, माणूस घामाघूम होतो, बरळतो, कोसळतो. मॅनेजरना साडीचा अर्धा तास खटकला आणि हे मात्र तुम्हाला पत्रात ओझरतं लिहावं लागलं. आज फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, आणि त्या दोन दिवसांचा चार्ट मागा.

आता मूळ मुद्दा. पत्रात बहिणीचं मत आहे, मॅनेजरचं आहे, तुमचं काठावरचं आहे. आईचं फक्त एक वाक्य आहे, आणि त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. जिच्या अंगाला हात लागणार, जिला कोणीतरी संडासला नेणार, आंघोळ घालणार, तिला सोडून संमतीचा फॉर्म पुण्याला येतो. बिल तुम्ही भरता म्हणून तो तुमच्याकडे येतो, हे मला कळतं. पण बिल भरल्याने आईच्या अंगावर कोणाचा हात लागावा हे ठरवण्याचा हक्क मिळत नाही. पक्षाघात, मधुमेह आणि वय यांतल्या कशानेही तिचा निर्णय तुमच्याकडे आलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ तसा मानसिक आजारांच्या उपचारांपुरता आहे, पण त्यातलं एक कलम मी सगळ्याच घरांना सांगते : एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णय घेण्याची क्षमता नाही असं ठरत नाही. मनोरुग्णालाही कायदा एवढं मानतो. दुधाचा हिशोब तोंडी करणाऱ्या बाईला आपण निदान तेवढं तरी मानू या.

मॅनेजरची तक्रार नीट वाचा. पैशांबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही, पाटल्यांचं त्यांना माहीतही नसेल. त्यांचं दुखणं वेळेचं आहे. बहुतेक ठिकाणी बाई दाखल झाली की तिला गाऊन चढवतात. घालायला सोपा, बदलायला सोपा, धुवायला सोपा. जन्मभर साडीत वावरलेल्या बाईला गाऊनमध्ये पाहुण्यांसमोर बसायला काय वाटतं, हे कोणी विचारत नाही. तुमच्या आईने साडी सोडली नाही आणि मावशींनी ती नेसवायची सोडली नाही.

ती कशी नेसवतात, हे कधी पाहिलंय का? एकदा सकाळी लवकर जाऊन दाराशी उभे राहा, अर्थात आईला विचारून. ब्लाउजमध्ये कमजोर हात आधी घालायचा, चांगला नंतर. काढताना उलट. डाव्या काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा उतरतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. आधी पलंगाच्या कडेला बसवायचं, दोन्ही पाय फरशीला नीट टेकले का बघायचं, परकर डोक्यावरून घ्यायचा. मग उजव्या पायावर भार देत उभं करायचं, आणि ती उभी राहू शकते तेवढ्यातच निऱ्या करून खोचायच्या. दम लागला की परत बसवायचं. हे सगळं अर्ध्या तासात उरकत असेल तर मावशींच्या हाताला वळण आहे. शिवाय रोज असं उठणं, उभं राहणं, तोल सावरणं यात तुमच्या आईचा व्यायामही होतो. फिजिओथेरपिस्टला विचारून बघा, तो साडीच्या बाजूने बोलेल.

तरी मॅनेजरचं म्हणणं अगदीच फेटाळू नका. मावशी आईपाशी असताना बाकीच्या खाटांवरच्या बायका ताटकळत असतील, आणि त्याही कोणाच्या तरी आयाच आहेत. मग वेळ वाचवा. पुढून उघडणारे, हुकांऐवजी वेल्क्रो लावलेले ब्लाउज शिंप्याकडून शिवून घ्या, डावी बाही दोन बोटं सैल ठेवायला सांगा. निऱ्या शिवलेली, कमरेला नाडीने बांधायची साडी मिळते, नाहीतर तोच शिंपी तिच्याच जुन्या साड्यांची करून देईल. अर्ध्या तासाचा पाव तास होईल. या खर्चाला आई नाही म्हणणार नाही, पण रंग तिला निवडू द्या.

कानडीचं मला थोडं हसू आलं. पुण्यात खटकत असेल, सोलापुरात खटकायचं कारण नाही. इथे मराठी, कानडी आणि तेलुगू एका गल्लीत नांदतात, कधी एका घरातही. दुखतंय कुठे, लघवीला घाई झालीय, रात्री भीती वाटली, या गोष्टी म्हातारपणी माणूस लहानपणच्या भाषेतच सांगतो. आजारी माणसाजवळ त्याची भाषा कळणारं कोणी असलं की निम्मी दुखणी वेळेवर कळतात. माहेरची माणसं गेल्यावर तिच्याशी कानडीत बोलणारं उरलं होतं कोण? पुढच्या वेळी गेलात की ‘ऊट आयता?’ एवढं म्हणा, म्हणजे ‘जेवलीस का?’ तुमच्या उच्चारावर दोघी पोट धरून हसतील. आणि मावशींना मराठी येत असणारच. त्यांच्याशी तुम्ही आणि बहिणीने आजवर बसून कधी बोललात, ते पत्रात नाही.

आता पैसे. पाच हजार आणि पाटली या एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत.

पाच हजार तिच्या पेन्शनचे होते. ते तिने एका मुलीच्या फीला दिले. तुम्ही पुण्यात सोसायटीच्या वॉचमनच्या मुलाला वह्या घेऊन दिल्या तर घरी कोणाला विचारता? दुसऱ्यासाठी काही करता येणं, ही खाटेवरच्या माणसाकडे फार थोडी उरलेली गोष्ट असते. दिवसभर सगळे तिचं करतात. तिने कोणाचं काही केलं, असं दिवाळीला एकदाच घडलं.

पाटलीचं मात्र जपून. पाटल्या जोडीने असतात. त्यातली एक देणं म्हणजे जोड फोडणं, आणि आपल्याकडची बाई सोन्याचा जोड लहरीवर फोडत नाही. तेव्हा ती हे गंमत म्हणून बोलत नाहीये, हे धरून चाला. पण आजच्या भावाने एक पाटली म्हणजे मावशींचा कित्येक महिन्यांचा पगार. एवढी वस्तू नोकरीच्या जागी, बंद दाराआड हातात पडली तर मावशींचीच पंचाईत होते. नको म्हणावं तर आजी रुसतात, घ्यावी तर उद्या बोट दाखवलं जातं. अशा ठिकाणी एखादा दागिना सापडेनासा झाला की पहिली पिशवी कोणाची झडते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आईला मावशींचं भलं करायचं असेल तर ते उघड, लिहून आणि साक्षीने करावं. हे तिला याच शब्दांत सांगा. ‘देऊ नको’ म्हणालात तर ती तुमचं ऐकणार नाही. ‘अशी दे, म्हणजे तिच्यावर आळ येणार नाही’ म्हणालात तर ऐकेल.

व्यवहार असा : पाटल्या केंद्रात नकोत, बँकेच्या लॉकरमध्ये, आणि लॉकर आईच्या नावावर, फार तर जोडीला तुमचं किंवा बहिणीचं नाव. पाटली द्यायचीच असेल तर मृत्युपत्रात लिहावी. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांच्या समोर सही हवी आणि त्या दोघांच्याही सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात करून घेतलेली बरी. त्या दिवसाचं, ती भानावर आहे असं डॉक्टरांचं पत्र जोडा. मावशी किंवा मावशींच्या घरचं कोणी साक्षीदार नको, तुम्ही दोघं भावंडंही नको. आणि वकिलाशी आई एकटी बोलू दे, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. बहिणीला हे जड जाईल. पण ‘मावशीने गुंडाळलं’ याची काळजी असेल तर ‘मुलांनी गुंडाळलं’ याचीही सोय नको.

संशय घेऊच नये असं मी म्हणत नाही. फसवणूक होते, आणि ती बहुतेकदा गोड बोलूनच होते. मग नजर कशावर ठेवायची? एटीएम कार्ड आणि पिन कोणाकडे आहे. आईचा फोन आई उचलते की दर वेळी मावशी. मावशी खोलीत आल्या की आई मोकळी होते की गप्प होते. तुमची पाठ वळताच पासबुक, नॉमिनी, घराचे कागद असे विषय निघतात का. ‘मुलं मला विचारत नाहीत’ हे वाक्य आईच्या तोंडी नव्याने आलंय का. आणि अंग बघा : टाचा, माकडहाड, कमजोर बाजूचा खुबा. तिथे लाली किंवा जखम असेल तर प्रेम कितीही असो, कामात कसूर आहे. कातडी स्वच्छ, नखं कापलेली, तोंड धुतलेलं असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. यासाठी कळवून जाऊ नका. संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून रात्री पोहोचा आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी केंद्रात हजर व्हा.

खरंच काही काळंबेरं दिसलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभरचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. आईने स्वतःही लावला तरी चालतो, तिच्या फोनमध्ये साठवून द्या. बहिणीला मात्र जाता जाता एक सांगा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे, त्याची प्रकरणं प्रांताधिकाऱ्यांसमोर चालतात. सांभाळण्याच्या अटीवर घेतलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर रद्द करता येते, ते कलम २३ त्यातलंच. चरितार्थाची त्याची कलमं मुलं आणि वारस यांना समोर ठेवून लिहिली आहेत. म्हाताऱ्या माणसाला कोणापासून जपायचं, याबद्दल कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सेवा करणारी मावशी नव्हती.

मॅनेजरच्या बाजूची एक गोष्ट मला पटते. सगळं एका माणसावर टांगून ठेवणं धोक्याचं आहे. मावशी उद्या आजारी पडतील, ब्युरोवाले दोन हजार जास्त देऊन दुसरीकडे नेतील, मुलीचं लग्न ठरेल. त्या दिवशी आईचं काय? म्हणून बदल नको, जोड हवी. दुसरी एक बाई, शक्यतो कानडी येणारी, आधी नुसती सोबत बसेल, मग जेवण भरवेल, मग आठवड्यातून एखाद्या दिवशी आंघोळ घालेल, आणि पहिल्या मावशी शेजारी असतील. ही दुसरी कोण, हे दोघी-तिघींना भेटून आईने ठरवायचं. मावशींना आठवड्याची सुट्टीही यातूनच मिळेल. सध्या मिळते का, विचारा. तुम्ही महिन्याला केंद्राला जे भरता त्यातलं मावशींच्या हातात किती पडतं, तेही विचारा. या कामावर येणाऱ्या कितीतरी बायका आधी विड्या वळायच्या, किंवा त्यांची आई वळायची. पाठ तिथेही मोडत होती, इथेही मोडते. पगाराच्या दिवशी ती कामाला ठेवलेली बाई असते, आणि सणाला सुट्टी मागितली की एकदम घरचीच होते, हे बघून बघून मला वीट आला आहे. (ज्यांनी घरीच बाई ठेवली आहे त्यांच्यासाठी : राज्यात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आणि त्याखाली कल्याण मंडळ आहे. आपल्याकडच्या बाईची तिथे नोंद करून द्या.)

शेंगा पोळीबद्दल फार लिहीत नाही. दाण्यागुळाची आहे, साखर वाढणारच. पण या वयात, या तब्येतीत डॉक्टर साखरेचं माप थोडं सैल ठेवतात. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) आठच्या आसपास चालवून घेतात, कारण साखर फार खाली जाऊन पडणं हे थोडी वर राहण्यापेक्षा वाईट. तेव्हा चोरून खाण्यापेक्षा अर्धी पोळी जेवणात धरून, त्या दिवशीचा भात कमी करून कशी बसवायची हे डॉक्टरांना विचारा. एका गोष्टीत मात्र मोकळीक देऊ नका. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल तर कोरडी पोळी घशात अडकू शकते. दुधात कुस्करून, ताठ बसवून, घासागणिक थांबून. इथे आईने हट्ट केला तरी तुम्ही हट्टाने नाही म्हणा, आणि का ते सांगा.

आणि गड्डा. होम मैदानावरच्या गर्दीत व्हीलचेअर नको, आणि अक्षता सोहळ्याला, म्हणजे जत्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्यापाशी तर नकोच, तिथे धडधाकट माणसाचा पाय जमिनीला लागत नाही. पण तिला पाळणे आणि भजी नकोच असतील. बहुतेक नंदीध्वज, मिरवणुकीतल्या त्या उंच सजवलेल्या काठ्या, बघायचे असतील. मिरवणूक उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघते. वाटेवर कोणा ना कोणा नातेवाइकाचं, ओळखीच्याचं घर निघेलच. तळमजल्याचं घर, ओट्यावर खुर्ची, मिरवणूक यायच्या दोन तास आधी पोहोचायचं आणि गर्दी पांगली की निघायचं. डायपर, औषधं, पाण्याची बाटली, आणि मावशी. त्यांची त्या दिवशीची ड्यूटी केंद्राकडून रीतसर मागून घ्या आणि जादा पैसे द्या, सणाच्या दिवशी त्याही आपलं घर टाकून येणार. तुम्ही गाडी चालवा. ‘गर्दी असते, नको’ असं फोनवर सांगायला एक मिनिट लागतं आणि हे सगळं जमवायला एक सुट्टी जाते, हे खरं. पण आईने वर्षातून एक दिवस मागितला आहे.

पुण्याला नेण्याचा विषय बहीण पुन्हा काढेल. आईने त्याचं उत्तर दिलेलं आहे. तिथे तिची भाषा नाही, तिचा सिद्धेश्वर नाही, आणि तुम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडलात की तिथेही एक मावशीच असणार, फक्त अनोळखी.

तर आता क्रम. आधी आईला फोन, मॅनेजरला नंतर. तिला तीनच गोष्टी विचारा : याच मावशी हव्यात का, दुसरी कोणी जोडीला चालेल का, आणि पाटलीचं तिच्या मनात नेमकं काय आहे. मध्ये बोलू नका, बहिणीला स्पीकरवर ठेवू नका. मग केंद्राला लेखी कळवा की पेशंटची संमती नाही, तिच्याशी बोलणं होईपर्यंत मावशी बदलू नयेत, जोडीला दुसरी बाई द्यायला हरकत नाही, आणि यापुढे असा कुठलाही फॉर्म आधी तिच्यापुढे ठेवावा. पत्र तुम्ही लिहा, तिला वाचून दाखवा, पण सही तिची घ्या. उजवा हात चालतो ना तिचा.